क्रॉनिक ल्युकेमिया असताना वारंवार येणारा बारीक ताप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या वडिलांना सीएलएल, म्हणजे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया हा हळूहळू वाढणारा रक्ताचा कर्करोग, असल्याचे कळले त्याला आता बरीच वर्षे झाली. पहिली काही वर्षे कोणतेही औषध नव्हते, फक्त दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी आणि मधूनमधून येणारी अंगातली कणकण. त्या कणकणीने घरात जेवढी काळजी निर्माण केली तेवढी रिपोर्टमधल्या आकड्यांनीही केली नाही. नातेवाईक, शेजारी आणि उपचाराच्या रांगेत भेटलेली माणसे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरे येथे लिहिली आहेत. ती रक्तविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाहीत, पण त्यांच्याकडे केव्हा आणि काय घेऊन जावे हे ठरवायला त्यांचा उपयोग होईल.

क्रॉनिक ल्युकेमियाच्या दोन्ही मुख्य प्रकारांत, सीएलएल आणि सीएमएलमध्ये, ताप सारखाच समजावा का?

नाही. सीएलएलमध्ये बी लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी बिघडतात, आणि शरीराला प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिने, पुरवण्याचे काम मुळात याच पेशींच्या वंशाचे असल्यामुळे रोगप्रतिकारशक्ती आजाराच्या सुरुवातीपासूनच कमी पडू लागते. वारंवार सर्दी, सायनस, खोकला आणि त्यासोबत बारीक ताप ही तक्रार म्हणूनच सीएलएलमध्ये अधिक आढळते, अगदी उपचार सुरू झालेले नसतानाही. सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, हा वेगळा आजार आहे. इमॅटिनिबसारख्या गोळीवर तो आटोक्यात असेल, तर रुग्णाला येणारा ताप बहुतेक वेळा घरातल्या इतरांना येतो तसाच असतो. मात्र गोळी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत पेशींची संख्या फार खाली जाऊ शकते, तेव्हा जपावे लागते. आणि वर्षानुवर्षे स्थिर असलेल्या सीएमएलच्या रुग्णाला कारण न सापडणारा ताप येऊ लागला, हाडे दुखू लागली किंवा डाव्या बरगडीखाली जडपणा वाटू लागला, तर आजार पुढच्या टप्प्यात गेला आहे का हे पाहण्यासाठी रक्ततपासणी लगेच करावी.

पांढऱ्या पेशी लाखाच्या वर आहेत, मग संसर्ग कसा होतो?

हा प्रश्न आम्हीही विचारला होता. रिपोर्टवर मोठा आकडा दिसतो आणि सैन्य भरपूर आहे असे वाटते, पण त्यातले बहुसंख्य सैनिक लढणारेच नसतात. सीएलएलमध्ये वाढलेल्या लिम्फोसाइट पेशी परिपक्व दिसत असल्या तरी निकामी असतात. जिवाणूंशी पहिली झुंज देणाऱ्या पेशी म्हणजे न्यूट्रोफिल, आणि पाहायचा असतो तो त्यांचा आकडा.

तो घरीही काढता येतो. एकूण पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिलच्या टक्केवारीने गुणून शंभराने भागावे. एकूण पेशी ८०,००० आणि न्यूट्रोफिल ३ टक्के असतील तर न्यूट्रोफिल २,४०० झाले, म्हणजे चिंता नाही. पण एकूण पेशी ४०,००० आणि न्यूट्रोफिल १ टक्का असतील तर ते केवळ ४०० भरतात, आणि तेव्हा एकूण आकडा पहिल्यापेक्षा 'चांगला' दिसत असूनही धोका कितीतरी अधिक असतो. १,५००च्या वर संख्या सर्वसाधारण मानतात, १,०००च्या खाली सावध राहावे लागते आणि ५००च्या खाली आलेला ताप ही तातडीची वैद्यकीय अवस्था असते. अलीकडचा हा आकडा फाइलच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून ठेवावा, कारण अनोळखी डॉक्टरांना सर्वांत आधी तोच लागतो.

किती ताप 'बारीक' म्हणायचा, आणि किती झाला की घरी थांबायचे नाही?

तोंडात थर्मामीटर धरून ९९ ते १००.४ अंश फॅरनहाइट या दरम्यानच्या तापाला आपण बारीक ताप म्हणतो. ताप एकदा जरी १०१ अंशांवर गेला, किंवा १००.४ अंश तासभर टिकून राहिला, तर न्यूट्रोफिल कमी असलेल्या रुग्णाने सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. अशा वेळी शिरेतून अँटिबायोटिक पहिल्या तासाभरात सुरू व्हावे असा वैद्यकीय दंडक आहे. ज्यांची प्लीहा शस्त्रक्रियेने काढून टाकलेली आहे त्यांनाही हाच नियम लागू होतो, मग न्यूट्रोफिल कितीही असोत.

आकड्यापेक्षा माणसाकडे पाहणे मात्र अधिक महत्त्वाचे आहे. थंडी वाजून हुडहुडी भरणे, श्वास लागणे, बोलण्यात विसंगती येणे, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे किंवा चक्कर येणे यांपैकी काहीही असेल तर ताप ९९.५ असला तरी थांबू नये. ज्या शरीराची प्रतिकारशक्ती क्षीण आहे, जे वयस्क आहे किंवा ज्याला स्टेरॉइड चालू आहे, ते शरीर मोठ्या संसर्गातही मोठा ताप चढवू शकेलच असे नाही. कमी तापाचा अर्थ कमी आजार असा लावण्याची चूक आपल्याकडे फार होते.

ताप मोजण्याची योग्य पद्धत कोणती?

साधा डिजिटल थर्मामीटर जिभेखाली धरावा, आणि चहा किंवा गार पाणी घेतले असेल तर अर्धा तास थांबावे. काखेत मोजलेले तापमान तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश कमी येते, त्यामुळे कुठे मोजले तेही लिहावे. कपाळासमोर धरायच्या यंत्रावर विसंबू नये. गुदद्वारातून तापमान घेणे आणि तेथून देण्याच्या तापाच्या गोळ्या न्यूट्रोफिल किंवा प्लेटलेट कमी असताना पूर्ण वर्ज्य आहेत.

वारंवार ताप येत असेल तर एक वही करावी. तारीख, वेळ, तापमान, सोबतची लक्षणे, घेतलेली गोळी आणि रात्री घाम आला का, एवढेच लिहायचे. 'मधूनमधून ताप येतो' या वाक्यातून डॉक्टरांच्या हाती फारसे काही लागत नाही, पण 'गेल्या तीन आठवड्यांत अकरा दिवस संध्याकाळी पाचनंतर १००' या नोंदीवरून तपासणीची दिशा ठरते. माझ्या वडिलांच्या बाबतीत ताप नेमका खोकल्याच्या प्रत्येक दौऱ्यासोबत येतो हे वहीमुळेच उमगले, आणि पुढे छातीचा सीटी स्कॅन झाला.

अंग गरम लागले की लगेच पॅरासिटामॉल द्यावी का?

आधी मोजा, लिहा, आणि मगच गोळीचा विचार करा. गोळी घेऊन डॉक्टरांकडे गेल्यास तेथे तापमान ९८.६ भरते आणि 'ताप नाही' अशी नोंद होते. बारीक तापाने त्रास होत नसेल तर तो उतरवण्याची घाईही नसते. पुरेसे पाणी, पेज, वरणाचे पाणी, हलके कपडे आणि विश्रांती यांवर काही तास काढता येतात. न्यूट्रोफिल कमी असताना मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तापाची गोळी मुळीच घेऊ नये, कारण ती धोक्याची एकमेव खूण झाकून टाकते.

अंग फार दुखत असेल तर प्रौढांसाठी ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉल सहा तासांच्या अंतराने घेता येते. दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम असली तरी यकृताची तक्रार असलेल्यांना ती पुष्कळ कमी असते, आणि इमॅटिनिब घेणाऱ्यांनीही अधिक मात्रा टाळावी. सर्दीच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेली असते, हे वेष्टनावर वाचून घ्यावे. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, निमेसुलाइड या गोळ्या मात्र स्वतःहून घेऊ नयेत. प्लेटलेट कमी असतील, किंवा इब्रुटिनिब, अकॅलाब्रुटिनिब यांसारखे सीएलएलवरचे औषध चालू असेल, तर या वेदनाशामक गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो. औषधाच्या दुकानात 'अंगदुखी-तापाची गोळी द्या' म्हटले की पुष्कळदा यांपैकीच एक मिश्रण हाती पडते, म्हणून गोळीचे नाव सांगूनच मागावी.

संसर्ग नसताना केवळ ल्युकेमियामुळे ताप येतो का?

येतो, पण हे निदान सर्व शक्यता तपासून झाल्यावर शेवटी करायचे असते. सीएलएलमध्ये १००.५ अंशांच्या वरचा ताप दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ संसर्गाशिवाय राहणे, महिनाभर रात्री घामाने कपडे भिजणे, आणि सहा महिन्यांत प्रयत्न न करता १० टक्के किंवा त्याहून अधिक वजन घटणे ही आजार सक्रिय झाल्याची लक्षणे मानली जातात, आणि त्यांवरून उपचार सुरू करण्याचा निर्णय होऊ शकतो. यात एखादीच गाठ झपाट्याने वाढली आणि एलडीएच हा रक्तातला घटक चढला, तर सीएलएलचे आक्रमक लिम्फोमात रूपांतर होत आहे का हे पाहावे लागते. त्याला रिश्टर रूपांतरण म्हणतात. ते थोड्याच रुग्णांत होते, पण त्यासाठी बायोप्सी टाळू नये.

तापासोबत डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली आणि दोन जिने चढताना धाप लागू लागली, तर आपलेच शरीर लाल पेशी फोडत असण्याची शक्यता असते, आणि सीएलएलमध्ये ती नेहमीच ध्यानात ठेवावी लागते. रिटुक्सिमॅब हे सीएलएलवरचे इंजेक्शन घेतलेल्यांमध्ये हिपॅटायटिस बी पुन्हा उफाळल्यानेही कावीळ होऊ शकते.

हीच लक्षणे क्षयाची नाहीत का?

आहेत, आणि म्हणूनच आपल्याकडे हा प्रश्न सर्वांत अवघड ठरतो. संध्याकाळी चढणारा बारीक ताप, रात्रीचा घाम, घटणारे वजन, मानेतल्या गाठी : ही यादी सीएलएलच्या पुस्तकातही सापडते आणि क्षयाच्या पुस्तकातही. ज्या देशांत क्षय विरळ आहे तेथील माहितीपत्रके ही शक्यता एका ओळीत आटोपतात, पण महाराष्ट्रात राहणाऱ्या रुग्णाने तसे करून चालणार नाही. गाठी 'ल्युकेमियाच्याच' आहेत असे गृहीत धरल्यामुळे क्षयाचे निदान महिनोन्महिने लांबू शकते. म्हणून दोन आठवड्यांहून अधिक खोकला किंवा ताप असेल तर छातीचा एक्स-रे, थुंकीची जनुकीय तपासणी आणि गरजेप्रमाणे गाठीतला नमुना यांबद्दल स्वतः विचारावे. क्षयाची तपासणी होण्याआधी लिव्होफ्लॉक्सासिनसारखे अँटिबायोटिक घेतले तर तात्पुरते बरे वाटते, आणि निदान आणखी मागे पडते.

क्षय निघालाच तर तो बरा होतो. अडचण वेगळ्याच ठिकाणी असते. क्षयावरच्या उपचारातले रिफाम्पिसिन हे औषध इमॅटिनिब, इब्रुटिनिब, व्हेनेटोक्लॅक्स अशा अनेक गोळ्यांचे रक्तातले प्रमाण फार खाली आणते, म्हणजे ल्युकेमियाची गोळी घेत असूनही ती न घेतल्यासारखी होते. त्यामुळे क्षयाचे डॉक्टर आणि रक्तविकारतज्ज्ञ यांचे एकमेकांशी बोलणे व्हायलाच हवे, आणि ते घडवून आणण्याचे काम बहुधा घरच्यांनाच करावे लागते.

गावातल्या डॉक्टरांकडे जायला हरकत आहे का?

हरकत मुळीच नाही. तालुक्याच्या ठिकाणाहून पुणे-मुंबई गाठायला पाच-सहा तास लागत असतील, तर पहिला हात जवळच्याच डॉक्टरांचा लागतो. फक्त 'ब्लड कॅन्सर आहे' एवढे सांगून थांबू नये. आजाराचा प्रकार, चालू गोळीचे नाव, न्यूट्रोफिल आणि प्लेटलेटचा शेवटचा आकडा हे कागदावर द्यावे, आणि पुढील गोष्टी नम्रपणे पण स्पष्टपणे बोलाव्यात.

प्लेटलेट कमी असताना कमरेत इंजेक्शन नको. वडिलांना एकदा एका दवाखान्यात तापाचे इंजेक्शन दिले गेले आणि तेथे रक्त साकळून मुठीएवढी गाठ आली. ती उतरायला तीन आठवडे लागले, आणि ते सगळे दिवस त्यांना एका कुशीवरच झोपावे लागले. 'लवकर बरे वाटेल' म्हणून दिलेले स्टेरॉइडही नको, कारण ताप उतरतो आणि संसर्ग आत वाढत राहतो. अँटिबायोटिक सुरू करायचेच असेल तर शक्य तेथे आधी रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातले जिवाणू वाढवून ओळखण्याची तपासणी, घ्यावे. एक मात्रा पोटात गेल्यावर जिवाणू सापडण्याची शक्यता घटते. प्रकृती ढासळत असेल तर मात्र कल्चरसाठी उपचार अडवू नयेत.

औषधांची आपापसांतली भांडणे हा वेगळाच विषय आहे. निलोटिनिब ही सीएमएलवरची गोळी घेणाऱ्याला अझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन दिल्यास हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. व्हेनेटोक्लॅक्स किंवा इब्रुटिनिबसोबत क्लॅरिथ्रोमायसिन आणि बुरशीवरची काही औषधे घेतल्यास ल्युकेमियाच्या गोळीचे प्रमाण रक्तात धोकादायक वाढते. नवीन गोळी सुरू करण्यापूर्वी चिठ्ठीचा फोटो रक्तविकारतज्ज्ञांच्या रुग्णालयात पाठवून विचारावे. दहा मिनिटांचे काम असते.

पावसाळ्यात ताप आला तर कोणत्या तपासण्या कराव्यात?

डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, आणि जेथे आढळतो तेथे स्क्रब टायफस, हे सर्व इतरांप्रमाणेच तपासावे. सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या रानालगतच्या गावांत माकडतापाचाही विचार करावा. पण सीएलएलच्या रुग्णासाठी येथे एक महत्त्वाचा फरक आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. यांतल्या पुष्कळ तपासण्या जंतू शोधत नाहीत, तर जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधतात. ज्याचे शरीर प्रतिपिंडेच नीट तयार करत नाही, त्याचा असा रिपोर्ट आजार असतानाही निगेटिव्ह येऊ शकतो. उलट इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांकडून मिळालेली प्रतिपिंडे, चढवल्यानंतरच्या काही आठवड्यांत दात्यांच्या प्रतिपिंडांमुळे तो खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. म्हणून डेंग्यूसाठी पहिल्या पाच दिवसांत विषाणूचाच अंश शोधणारी एनएस१ तपासणी, मलेरियासाठी रक्ताची काच, आणि शक्य तेथे पीसीआर किंवा कल्चर यांवर अधिक विश्वास ठेवावा. विडाल ही विषमज्वराची तपासणी निरोगी माणसातही बेभरवशाची आहे, येथे तर तिच्यावर काहीच ठरवू नये.

डेंग्यूत प्लेटलेट उतरतात आणि ल्युकेमियातही त्या कमी असू शकतात, त्यामुळे आधीचे रिपोर्ट हाताशी असल्याशिवाय घसरण किती झाली ते कळत नाही.

ताप असताना ल्युकेमियाची गोळी बंद ठेवावी का?

स्वतःच्या मनाने नाही, आणि स्वतःच्या मनाने चालूही ठेवू नये. काही औषधे मोठ्या संसर्गात थांबवावी लागतात, काही थांबवल्यास आजार उसळतो. डॉक्टरांना विचारावे.

गुळवेल, काढे, प्रतिकारशक्ती वाढवणारी चूर्णे चालतील का?

आले-तुळशीचा साधा चहा घशाला बरा वाटतो, तो घ्यावा. गुळवेलीच्या गोळ्या आणि काढे मात्र घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. कोरोनाच्या काळात गुळवेल नियमित घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला सूज आल्याचे मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले होते. ल्युकेमियाच्या बहुतेक गोळ्या यकृतातच विघटित होतात. शिवाय ज्या आजारात प्रतिकारशक्तीच्याच पेशी बेसुमार वाढलेल्या आहेत, तेथे 'प्रतिकारशक्ती वाढवा' या सल्ल्याचा अर्थ सल्ला देणाऱ्यालाही सांगता येणार नाही. नातेवाईक मायेपोटी आणून देतात हे खरे आहे, आणि त्यांना नाही म्हणणे जड जाते. 'डॉक्टरांनी मनाई केली आहे' एवढे सांगितले की बहुधा पुरते.

लशींचा उपयोग होतो का?

सीएलएलमध्ये लशीचा परिणाम निरोगी माणसापेक्षा कमी होतो, तरीही ती घेण्याजोगी आहे. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोकोकसची लस डॉक्टर सांगतील त्या क्रमाने, आणि नागिणीची नवी, जिवंत विषाणू नसलेली लस यांचा विचार करावा. जमल्यास उपचार सुरू होण्यापूर्वीच त्या घ्याव्यात, कारण रिटुक्सिमॅबनंतर साधारण सहा महिने लशीला प्रतिसाद मिळणे कठीण असते. जिवंत जंतूंच्या लशी टाळाव्यात. घरातल्या तान्ह्या बाळाला पोलिओचे थेंब द्यायचे असतील तर बालरोगतज्ज्ञांना आजोबांचा आजार आधी सांगावा.

नागिणीविषयी आणखी एक : कणकण आणि अंगाच्या एकाच बाजूला आग होणारी वेदना पुरळापूर्वी दोन-तीन दिवस असू शकते, आणि विषाणूवरचे औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाले तर अधिक गुण येतो.

इम्युनोग्लोब्युलिन कोणाला द्यावे लागते?

ज्यांचे आयजीजी, म्हणजे रक्तातली मुख्य प्रकारची प्रतिपिंडे, पुष्कळ कमी आहे आणि ज्यांना जिवाणूंचे गंभीर किंवा वारंवार संसर्ग होतात, त्यांना. नुसता रिपोर्टमधला आकडा कमी म्हणून नव्हे. दात्यांच्या प्लाझ्मापासून तयार केलेली ही प्रतिपिंडे साधारणतः दर किलो वजनामागे ४०० मिलिग्रॅम या प्रमाणात तीन-चार आठवड्यांनी शिरेतून देतात. खर्च मोठा असतो, म्हणून सुरू करण्यापूर्वी गेल्या वर्षात किती वेळा अँटिबायोटिक लागले याची नोंद दाखवून चर्चा करावी. येथेही वहीच कामी येते. चढवल्याच्या दिवशी थोडा ताप आणि डोकेदुखी होऊ शकते. वेग कमी केल्यावर ती बहुधा ओसरते.

वारीला, लग्नाला, गर्दीत जावे का?

न्यूट्रोफिल ठीक असतील, ताप नसेल आणि नुकतेच उपचार झालेले नसतील, तर माणसांतून उठून कोपऱ्यात बसण्याचे कारण नाही. मास्क, घरचे पाणी, ताजे गरम जेवण आणि खोकणाऱ्यांपासून अंतर एवढे पाळावे. माझे वडील पूर्वी आळंदी ते पंढरपूर पायी जात. आता ते लोणंदच्या पुढे चांदोबाचा लिंब येथे उभे रिंगण पाहतात आणि संध्याकाळी घरी येतात. धूळ, मुक्कामाचे पाणी आणि अपुरी झोप असे तिन्ही मिळून अठरा-वीस दिवस काढणे त्यांना झेपणार नाही हे त्यांनी स्वतःच मान्य केले, आणि त्या सकाळी वही आणि थर्मामीटर पिशवीत असतात.

रात्री ताप चढला आणि रुग्णालयाला फोन करायचा झाला, तर काय सांगावे?

आजाराचा प्रकार आणि चालू औषध. शेवटचे न्यूट्रोफिल, तारखेसह. आताचे तापमान, ते कुठे आणि केव्हा मोजले. हुडहुडी, धाप, गुंगी, रक्तस्राव यांपैकी काय आहे. तापाची गोळी घेतली असल्यास किती वाजता. यानंतर 'लगेच निघू का?' हा प्रश्न थेट विचारावा. 'निघा' असे उत्तर आले आणि वाहन नसेल, तर १०८ला फोन करावा. फाइल, वही, चालू गोळ्यांची पाकिटे आणि एक शाल एका पिशवीत भरून दाराजवळच्या खुंटीला टांगून ठेवलेली असावी.